केटलचं खोकं

१

खोकं आधी उलटं करायचं. माझं सगळं काम तिथून सुरू होतं, आणि नव्या माणसाला नेमकं तेच पटत नाही. बुटांचं असो, औषधाचं असो, साबणाचं असो, त्याच्या चिकटवलेल्या कडा पात्याने अलगद सोडवायच्या, खोकं सपाट पसरायचं, आणि आतली बाजू बाहेर घेऊन परत घडी घालून चिकटवायचं. छापील बाजू आत जाते. बाहेर येतो कोरा, खरखरीत पुठ्ठा. त्यावर रंग धरतो, कापड बसतं. चकचकीत बाजूवर काही म्हणजे काही टिकत नाही, थोड्याच दिवसांत पापुद्रे सुटून हातात येतात आणि गिऱ्हाईक माझ्या नावाने खडे फोडतं.

लोक माझ्याकडे गेलेल्या माणसाची खोकी घेऊन येतात. कुणाच्या आजीच्या चष्म्याचं, कुणाच्या वडिलांच्या शेवटच्या बुटांचं. सोबत पिशवीत बारीकसारीक सामान असतं, बटणं, फोटो, सदऱ्याचा तुकडा, कशाची तरी किल्ली. मी ते सगळं त्या खोक्यावर थराथराने बसवते. एरवी कचऱ्यात गेलं असतं असं खोकं मग कपाटात आठवण म्हणून राहतं. आत तळाशी मात्र पोस्टाच्या तिकिटाएवढी जागा मी उघडी ठेवते, म्हणजे हे मुळात कशाचं खोकं होतं ते दिसतं. आणि सगळ्यात शेवटी वॉर्निश. वॉर्निशच्या आधी काही चुकलं तर वाफ देऊन काढता येतं, गोंद मऊ पडतो. वॉर्निश लागलं की विषय संपला. मग ओढलं तर फाटेल, पण सुटणार नाही.

जिवंत माणसाचं खोकं मी करत नसे. त्यात भुताखेताचं काही नव्हतं हो. जिवंत माणूस डोक्यावर येऊन उभा राहतो, हे लाव, ते काढ, माझं नाक असं का दिसतं, आणि माझं डोकं फिरतं.

"मग माझं कधी करणार?" हे म्हणाले.

हे म्हणजे माझा नवरा. जन्मभर विजेचे मीटर वाचायची नोकरी केली. सायकलवरून दारोदार फिरायचे आणि फाटकाशी आले की शीळ घालायचे, म्हणजे घरातल्या माणसालाही कळावं आणि कुत्र्यालाही. कमालीची बेसूर शीळ. सूर चढत चढत जायचा आणि शेवटी घसरून खाली पडायचा, कुठल्या गाण्याचा म्हणाल तर कुठल्याच नाही. नोकरी संपली, शीळ काही संपली नाही. सिगारेट सोडल्यापासून गालात कायम एक लवंग. आणि थट्टेचा भारी सोस. जिन्यात पडल्याचं सोंग काय करतील, साखरेत मीठ काय मिसळतील, बायकोला घाबरवल्याशिवाय यांना अन्न गोड लागायचं नाही. मी पुरती रडकुंडीला आले की मांडीवर सणसणीत थाप मारायची आणि म्हणायचं, "फसलीस की नाही?" लेक म्हणायची, आई, तू मुद्दाम फसतेस. असेनही. ते हसायला लागले की मला बरं वाटायचं.

छातीत दुखून दवाखान्यात राहून आले, त्यानंतरची ही गोष्ट. घरी आल्या आल्या चहासाठी विजेची केटल घेऊन आले. "आता चहा मी करणार, तू नुसता हुकूम सोड." केटल गेली ओट्यावर आणि तिचं रिकामं खोकं आलं माझ्या टेबलावर.

"हे घ्या, कलाकारबाई. हे माझं."

"अहो, काहीतरीच काय बोलता!"

"का? मी गेल्यावर करशीलच ना? झकास करशील, मला माहितीय. आणि बघायला मी नाही. हा कुठला न्याय?"

"तोंड आवरा."

"साऱ्या दुनियेची केलीस, नवऱ्याचं करताना हात दुखतात होय?"

हसत होते, पण बोलता बोलता मनगट चोळत होते. सलाईनची सुई होती तिथली काळीनिळी खूण अजून गेली नव्हती. मला गलबलून आलं. म्हटलं, ठेवा. करते.

२

चांगलं जाड पुठ्ठ्याचं खोकं होतं. पुढे केटलचं चित्र आणि बाजूला, तळालाही ती नेहमीची चिन्हं, वर तोंड केलेले बाण, काचेचा पेला, उघडी छत्री. म्हणजे उलटं धरू नका, आपटू नका, भिजवू नका. मी कडा सोडवल्या, खोकं उलटं केलं, आणि सगळी चिन्हं आत गेली.

आणि मग व्हायचं तेच झालं. हे खुर्ची घेऊन शेजारीच बसले.

"तो फोटो लाव ना, सायकलवरचा."

"लावतेय ना."

"मध्यभागी लाव. कोपऱ्यात काय, मी काय चोर आहे?"

तरुणपणचा फोटो होता, सायकलला टेकून उभे, केस वाऱ्यावर. तो लावला. चौकड्याच्या शर्टाची बाही उसवून झाकणाच्या कडेने बसवली. सायकलच्या घंटीची वाटी, तिला बारीक तारेने टाके घातले. लवंगा हव्यातच म्हणून हट्ट धरला, तर एक लवंग घंटीखाली गोंदात दाबली. आतून निळा कागद लावला, आणि तळाची माझी ती तिकिटाएवढी जागा ठेवली. नेमकी तिथे छत्री आली.

"छान आहे," हे म्हणाले. "मला भिजवू नका."

"झालं का समाधान?"

"शीळ राहिली."

"शीळ कशी चिकटवू, तुम्हीच सांगा."

तर यांनी काय करावं? खोकं उचललं, आत तोंड घातलं आणि ती बेसूर शीळ घातली, अगदी शेवटचा सूर घसरेपर्यंत. आणि पटकन झाकण लावलं. "घे. कोंडली. आता वॉर्निश मार, नाहीतर पळून जाईल."

मी हसून हसून बेजार झाले. पण हवा दमट होती, अशा हवेत वॉर्निश लावलं तर पांढरट डाग पडतात. कोरडं ऊन पडलं की बघू, असं म्हणून खोकं मागच्या खोलीत, माझ्या कामाच्या टेबलावर ठेवून दिलं.

३

आतला कागद वाळला का, ते बघायला सकाळी झाकण काढलं. कागद वाळला होता. तळाची उघडी जागा कोरी होती.

कोरी म्हणजे नुसता तपकिरी पुठ्ठा. छत्री नव्हती.

मला वाटलं, गोंदाच्या पाण्याने शाई पुसली असेल. पण डाग नव्हता, फिकी रेघसुद्धा नव्हती. मी दुसरं एक खोकं काढून त्याची छापील बाजू ओल्या बोटाने घासघासून पाहिली. शाई हलायला तयार नाही. असेल एखाद्या खोक्याची शाई कच्ची, म्हणून मी झाकण लावलं आणि चहाला गेले. चहा केलेला नव्हता. केटल आल्यापासून सकाळचा चहा हे करत होते, आणि आज हे व्हरांड्यात सायकलसमोर उभे होते.

"काय हो, चहा विसरलात?"

"ही कुणाची गं?" सायकलकडे बोट दाखवून म्हणाले.

"माझ्या सासऱ्यांची," मी म्हटलं. मला काय, सवय होती.

त्यांनी मान डोलावली. सायकलच्या बाजूने, तिला अंग लागू न देता, आत गेले. मी थांबले. आता वळतील, आता मांडीवर थाप पडेल. जेवणं झाली, दुपार झाली. थाप काही पडली नाही.

लांबवायची सवय होतीच यांना. एकदा तर बहिरे झाल्याचं सोंग दोन दिवस चालवलं होतं. मी ठरवलं, या खेपेला आपण फसायचं नाही.

४

चौथ्या दिवशी जेवण झाल्यावर मी लवंगेची डबी पुढे केली. त्यांनी एक तोंडात टाकली आणि लगेच तळहातावर काढली. लहान मूल औषध काढतं तसं.

"हे काय आहे?"

"अहो, पुरे आता."

"तिखट आहे," म्हणाले. आणि अगदी सभ्यपणे, परक्याच्या घरी ठेवावी तशी, ती लवंग ताटाच्या कडेला ठेवली.

आमच्या घरात इतकं सभ्यपणे कुणी कधी वागलेलं नाही. मी लेकीला फोन लावला. ती दूरच्या गावी नोकरीला असते.

"आई, बाबा थट्टा करतायत."

"अगं, इतके दिवस?"

"नाहीतर औषधं असतील. डॉक्टरांना विचार ना."

डॉक्टर म्हणाले, होतं असं. एवढ्या मोठ्या दुखण्यानंतर माणूस जरा मंदावतो, विसरतो, येईल हळूहळू ताळ्यावर. मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. दवाखान्यातून येऊन त्यांना सोफ्यावर बसवलं आणि मी समोर भाजी निवडायला घेतली. तेवढ्यात मागच्या खोलीतून शीळ आली.

चढत चढत गेली आणि शेवटी घसरून खाली पडली.

मी यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत होते. ओठ मिटलेले.

"ऐकलंत?" मी विचारलं.

"काय?"

मागच्या खोलीत गेले. खिडकी लावलेली. टेबलावर खोकं. दमट हवेत पुठ्ठा ताणला जातो, गोंद वाळताना बारीक आवाज येतात, एखादी फट असली तर वाऱ्याने शिट्टीसारखंही वाजतं. हे सगळं मला माहीत आहे, गिऱ्हाइकांना मीच सांगते. मी झाकण उचललं. आत निळा कागद आणि ती कोरी जागा. लवंगेचा वास मात्र असा आला की जणू कुणी तोंडाजवळ येऊन श्वास सोडला. एका लवंगेचा एवढा वास येत नाही.

परत आले तेव्हा एक गोष्ट दिसली, जी इतके दिवस दिसायला हवी होती. आमचा सोफा जुना आहे, बसलं की खोल जातो, आणि हे चांगले भरल्या अंगाचे. हे सोफ्यावर बसले होते आणि गादी सपाट होती.

५

त्यानंतर मी त्यांच्यावर डोळ्यात तेल घालून नजर ठेवली. चालताना पावलांचा आवाज होत नसे. बसायचे ते कोपऱ्यात, पाठ भिंतीला, गुडघे काटकोनात. अंघोळीचं नाव काढलं की म्हणायचे, "पाणी नको." चिडून नाही हो. चिडले असते तर मी पेढे वाटले असते. आमच्या घरात एवढी शांतता कधी नव्हती. आवाज यायचे ते मागच्या खोलीतून, हे समोर बसलेले असताना. शीळ यायची. कधी नुसतं घसा खाकरल्यासारखं व्हायचं.

एकदा पाण्याचा पेला त्यांच्या हातावर उपडा झाला. मी पुसायला धावले, तर त्यांनी हात मागे घेतला आणि खिडकीतल्या उन्हात धरला. मनगटावरची कातडी फुगली होती. वाळली तेव्हा तिच्यावर लाटा लाटा उमटल्या, आणि दाबून पाहिलं तर खाली काहीतरी मऊ, पदर पदर सुटल्यासारखं लागलं. सलाईनच्या सुईची काळीनिळी खूण तिथे नव्हती. माझ्या हातांना हे ओळखीचं होतं. भिजून वाळलेला पुठ्ठा मी रोज चाचपते.

मी हात सोडला. माझी पाचावर धारण बसली होती, खोटं कशाला सांगू. पण भीतीपेक्षा राग जास्त आला. माझा माणूस माझ्या घरातून, माझ्या देखत, माझ्याच हातांनी कुणी काढून घेत होतं. मागच्या खोलीत गेले, ओला बोळा घेतला, फोटोचा कोपरा भिजवला आणि खसकन ओढला.

"अगं, हळू!"

खोक्यातून.

मोठ्याने नाही. केस विंचरताना गुंता ओढला गेला की माणूस जसा कळवळून बोलतो, तसं. त्यांचाच आवाज, लवंग गालात असल्यावर जरा बोबडा होतो तसा. फोटो आडवा फाटला होता, सायकलचं पुढचं चाक माझ्या चिमटीत होतं. मी बोळा टाकून दिला.

दार उघडं होतं आणि तिथून सोफा दिसत होता. सोफ्यावरचा जागचा हललाही नव्हता.

"दुखलं का हो?" मी खोक्याला विचारलं. बाई वेडी झाली म्हणाल, म्हणा.

मग एक शीळ आली, आखूड, अर्धीच. ते फाटकाशी आले की पहिली घालायचे तशी.

६

ओढायचं नाही, एवढं मला कळलं. पण वॉर्निश लागलेलं नव्हतं, आणि वॉर्निश नसलेलं सगळं सुटतं. घाई न करता, वाफेवर. हातातली कला आणखी कशासाठी असते!

ओट्यावरची ती केटल मागच्या खोलीत आणली. पाणी उकळलं, तोटीची वाफ कापडातून घंटीखाली सोडली, आणि पातळ पात्याने गोंद कणाकणाने सैल करत गेले. मध्ये मध्ये विचारायचे, "दुखत नाही ना?" आवाज आला नाही की पुढे जायचे. इतकं जपून मी कुणाचंच काम केलेलं नाही. बऱ्याच वेळाने ती लवंग आपोआप, जरासुद्धा न मोडता, पात्यावर आली.

आणि बाहेरच्या खोलीतून हाक आली, "अगं ए, लवंग कुठे ठेवलीस?"

मी धावत गेले. हे सोफ्यात बसले होते, आणि सोफा एका बाजूला थोडा खचला होता. थोडासाच. पण डोळे त्यांचे होते हो! तोच खोडकरपणा, तोच मिश्कील चेहरा. मी लवंग पुढे केली, त्यांनी गालात टाकली आणि माझा हात घट्ट धरला.

"लवकर कर," म्हणाले. "तिकडे अंधार आहे."

"करते. सगळं सोडवते. उद्यापर्यंत धीर धरा."

"वॉर्निश लावू नकोस."

"वेडी आहे का मी?"

हसू आलं त्यांना. हसता हसताच चेहरा कोरा होत गेला, हातातली पकड सुटली, गादी वर आली. पण लवंग गालात राहिली. त्यांनी ती काढून ताटात ठेवली नाही. मला तेवढं पुरेसं होतं. मी हुंदके देऊन रडले, आणि मग डोळे पुसून केटलमध्ये पाणी भरलं.

घंटी सोडवली. शर्टाच्या बाहीची एक बाजू सोडवली, कापडाला गोंद खोल धरतो, तिला फार वेळ लागला. फोटो सगळ्यात नाजूक, एकदा फाटलेला, तो दुपारनंतर ताज्या डोळ्यांनी करायचा असं ठरवलं. सकाळपासून वाकून पाठ भरून आली होती. तेवढ्यात दारात रिक्षा थांबली आणि लेक आली. माझ्या फोननंतर तिला राहवलं नव्हतं.

७

तिने दारातूनच बाबांच्या गळ्यात हात टाकले.

"बाबा! किती हलके झालात! आई, काही खायला घालतेस की नाही यांना?"

तो हसला. नीटनेटकं, पाहुण्यासारखं. म्हणाला, "ये. प्रवास कसा झाला?"

"बघ, बोलतायत की चांगले," ती मला स्वयंपाकघरात येऊन म्हणाली. "उलट सुधारलेत. पूर्वी माझी पर्स लपवून ठेवायचे दारातच. तूच वाळून गेलीयेस. झोपलीस का गं नीट?"

मला सांगायचं होतं. तोंड उघडलंही. पण काय सांगू? बाहेर बसलाय तो तुझा बाप नाही, तुझा बाप टेबलावर आहे? तिने मला धरून थेट दवाखान्यात नेलं असतं, आणि मागे खोकं एकटं राहिलं असतं. मी ठरवलं, आधी काम पुरं करू. सगळं सुटलं की तेच तिची पर्स लपवतील, मग मला काही सांगावंच लागणार नाही.

"जरा पड तू," लेक म्हणाली. "मी आहे ना बाबांजवळ."

पडायचं नव्हतं, नुसती पाठ टेकायची होती. पण अंगात त्राण नव्हतं आणि पोर घरात होती, धीर आला होता. कधी डोळा लागला ते कळलं नाही.

जाग आली ती वासाने.

माझ्या धंद्यातल्या बाईला तो वास झोपेतही कळतो. मी उठले, भिंतीला धरत धरत मागच्या खोलीशी गेले. बाहेर स्वच्छ कोरडं ऊन पडलं होतं. सगळ्या खिडक्या उघड्या होत्या आणि त्या उन्हात लेक ब्रश पुसत उभी होती, गालाला चिकट डाग, लहानपणी माझ्या हाताखाली काम करायची तेव्हासारखी.

"उठलीस? मला तुला दाखवायचंच होतं. अगं, काय अवस्था झाली होती याची! फोटो फाटलेला, घंटी निघालेली, बाही लोंबतेय. दमटपणाने सुटलं ना? मी सगळं बसवलं परत. फोटोचा जोड बघ, दिसतो का सांग. लवंगेची जागा रिकामी होती, तिथे नवी लावली."

खोकं लखलखत होतं.

"वॉर्निश..." मी म्हटलं.

"जाड हात दिलाय. ऊन चांगलं होतं, वाळलंसुद्धा."

"आणि झाकण?"

"बसवून टाकलं. कडेने गोंद भरला आणि वरून वॉर्निश. आता कणभर हवा आत जायची नाही." माझा चेहरा बघून ती थांबली. "आई? चुकलं का काही? बाबांनीच सांगितलं. म्हणाले, तिने तेवढंच बाकी ठेवलंय, तू पुरं कर."

मी खोकं उचललं आणि कान लावला. हलवलं. नखाने टकटक केलं, फाटकाच्या कडीवर करतात तसं. "अहो," मी म्हटलं. "अहो, मी आहे." वॉर्निश गालाला गार लागलं. आतून लवंगेचा वाससुद्धा येत नव्हता.

लेकीने मला दंडाला धरून बाहेर आणलं आणि सोफ्यावर बसवलं. मी बसल्यावर सोफा फक्त माझ्या बाजूने खचला. शेजारी तो ताठ बसला होता, गुडघे काटकोनात, दोन्ही गाल सपाट.

"बाबा, कॉलर कशी दुमडलीये तुमची," ती म्हणाली, आणि त्याची मान वाकवून, मायेने, कॉलर नीट करायला लागली. केस वर सरकले. मानेवर, केसांच्या मुळाशी, तिकिटाएवढी एक जागा तपकिरी होती, आणि तीत एक उघडी छत्री होती. काळी, स्वच्छ, रेघ न् रेघ शाबूत. लेकीने कॉलर वर घेतली, आणि छत्री झाकली गेली.

त्याने हळूच माझ्याकडे तोंड वळवलं. माझ्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं, एखादी गोष्ट आठवून पाहावी तसं. मग हात उचलला आणि मांडीवर थाप मारली. रिकाम्या खोक्यावर मारल्यासारखा आवाज झाला.

"फसलीस की नाही?" तो म्हणाला.

लेक टाळ्या पिटून हसली. "बघ आई," म्हणाली, "आले की नाही बाबा परत!"